एकतीस हात शिल्लक

मी जन्मभर नोकरी कसली केली, हे आमच्या घरात आजतागायत कोणाला कळलेलं नाही. 'संगणकाच्या कर्नलमध्ये काम करतो' असं म्हटलं की थोरल्या बहिणीला वाटायचं, मी लष्करात आहे. शेवटी मी सोपं करून सांगायला लागलो. म्हटलं, संगणकाच्या पोटात एक मुकादम असतो. बाकीचे प्रोग्राम येतात, त्याच्याकडे जागा मागतात, काम झालं की जागा सोडून जातात. कोणाला किती द्यायची, कुठं द्यायची आणि जागा संपली की कोणाला उठवायचं, हे तो मुकादम बघतो. आणि मुकादमाच्या डोक्यात काय भरायचं, ते मी बघतो. यावर बहीण म्हणाली, "म्हणजे शिरूरच्या बाजारात करत होतास तेच की!"

बाईनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं. कारण ही विद्या मला कुठल्याही इन्स्टिट्यूटनं शिकवलेली नाही. शिरूरच्या शनिवारच्या बाजारात एका जमादारानं शिकवली. आणि त्या जमादाराची नोकरी मी घालवली. हे मी आजवर कोणापुढं बोललेलो नाही, म्हणून सुरुवातीलाच बोलून टाकतो. नाहीतर पुढं गमतीजमती सांगता सांगता नेमकं तेवढंच राहून जायचं.

त्यांना अख्खा बाजार यार्डमामा म्हणायचा. दौंडच्या रेल्वे यार्डात कुठला डबा कुठल्या लायनीवर ढकलायचा, एवढं एकच काम करत त्यांची हयात गेलेली. रिटायर झाल्यावर बायकोच्या माहेरी, शिरूरच्या मिशन कंपाउंडात राहायला आले आणि आठवडी बाजाराचे जमादार झाले. बाजाराची एक कमिटी होती. तिचं नाव मी सांगत नाही. तसल्या कमिट्या गावोगाव आहेत, उगाच एकीलाच मान कशाला? मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेलो, घरी बसून भाकरी मोडत होतो, म्हणून त्याच कमिटीत कारकून म्हणून चिकटलो. माझ्याकडे रजिस्टर आणि मामांकडे बांबू.

तो बांबू बरोबर पाच हातांचा होता. त्यावर हाताहातावर खाचा पाडलेल्या. अंगात रेल्वेचा जुना खाकी कोट, त्याचं एकही बटण शाबूत नाही, आणि खिशात चुन्याच्या फक्कीचा डबा. शनिवारी उजाडताच मामा बाजाराच्या त्या लांबलचक पट्टीवर फक्कीच्या रेघा मारत सुटायचे. कोणीही समोर आला की पहिला प्रश्न, "किती हात?" कसा आहेस, कुठून आलास, पोरंबाळं बरी आहेत का, हे सगळं नंतर. एकदा मामलेदारसाहेब बाजार पाहायला आले, तर मामांनी त्यांना सलाम करून विचारलं, "साहेब, किती हात?" साहेब बिचारे स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवण्याचा मान मामांकडे होता. तो त्यांना फार मोठा वाटायचा. पण तिथंही त्यांचं डोकं जागेवरच. पुढची दोन बाकं मोठ्या लोकांसाठी राखलेली आणि मोठे लोक यायचे नाताळला. मागं लोक भिंतीला टेकून उभे. मामा मला म्हणायचे, "पाळकसाहेबांना मी सांगितलं, राखून ठिवायचं आसंल तर जो येतो त्याच्यासाठी ठिवा. न येनाऱ्यासाठी राखून काय उपेग?" पाळकसाहेब हसले आणि बाकं तशीच राहिली.

बाजारात दर शनिवारी पेच एकच. कोणी पहाटे येऊन बसतो, कोणी दुपारी. कोणाची मेथी दहा वाजता संपते, कोणाचे कांदे दिवे लागेपर्यंत संपत नाहीत. जो तो आपापल्या वेळेला उठून जातो आणि ओळीत खिंडारं पडतात. इथं दोन हात, तिथं तीन हात, पलीकडं दीड. मग कोणी आठ हात मागत आला की झाली पंचाईत. मी रजिस्टरमध्ये बेरीज करून म्हणायचो, "मामा, वीस हात शिल्लक आहेत." मामा माझ्याकडे दयेनं बघायचे. "भाऊसाहेब, शिल्लक हाय. सलग न्हाई. आठ हाताच्या मानसाला दोन-दोन हात चार जागी दिले तर त्यानं डोकं हितं ठिवायचं आन् पाय तिकडं?"

पुढं मुंबईत मी याच दुखण्यावर चार वर्षं घालवली. तिकडं त्याला मोठमोठी इंग्रजी नावं होती आणि त्यावर निबंध वाचले जायचे. पण मामांच्या 'सलग न्हाई'पेक्षा जास्त कोणी काही सांगितलं, असं मला तरी आठवत नाही.

दुसरं दुखणं धोंड्यांचं. आमच्याकडे जागा धरायची म्हणजे धोंडा ठेवायचा. माणूस घरी, धोंडा बाजारात. पुढच्या शनिवारी हक्कानं तिथंच येऊन बसायचं. पण माणूस आला नाही, धंदा बदलला, मेला, तरी धोंडा आपला तिथंच. बाजार उठला की मामा प्रत्येक धोंड्यापाशी थांबून तीनदा ओरडायचे, "ह्यो धोंडा कुनाचा?" कोणी बोललं नाही की उचलून नदीकडं टाकायचे. लोक शिव्या घालायचे, पण दर शनिवारी दहा-बारा हात जागा मोकळी व्हायची.

अशात एकदा मामा तापानं आडवे झाले आणि तीन बाजार चुकले. तेवढ्यात एका बेवारस धोंड्याला कोणीतरी शेंदूर फासला. दुसऱ्या शनिवारी नारळ फुटला. तिसऱ्या शनिवारी एक बाई पोराचा नवस बोलून गेली. मामा बरे होऊन आले आणि बघतात तर चार हात जागेचा देव झालेला! मामा ख्रिस्ती. डोकं धरून खाली बसले. म्हणाले, "भाऊसाहेब, मी हात लावला तर दंगल. तुमी लावा."

मी? मी कशाला लावतोय! माझी काय छाती होती? त्या देवाचा मूळ मालक मला ठाऊक होता. तो वांगी विकायचा आणि आता पुण्यात हमाली करत होता. पण बोलणार कोण?

हसू नका. कर्नलमध्येही असे शेंदूर फासलेले धोंडे मी ढिगानं पाहिले. कोणे एके काळी कोणीतरी जागा मागितली, तो गेला, जागा तशीच अडलेली. का अडली, हे कोणाला माहीत नाही. सोडली तर काय कोसळेल, हेही माहीत नाही. मग भले भले इंजिनिअर तिथून हात जोडून पुढं जातात.

मामांनी मात्र त्या देवातून वाट काढली. त्यांनी बाजाराचे दोन भाग पाडले, हलणारे आणि न हलणारे. भाजीवाली, बांगडीवाला, चणेफुटाणेवाला हे हलणारे. 'सरका' म्हटलं की टोपली उचलून सरकतात. घिसाडी भाता जमिनीत रोवतो, कुंभारणी मडक्यांवर मडकी रचतात, ते न हलणारे. हे सगळे न हलणारे मामांनी देवाच्या बाजूनं एका टोकाला नेले, म्हणजे उरलेली ओळ पाहिजे तेव्हा सरकवायला मोकळी. कोण हलणारा आणि कोण न हलणारा, याची परीक्षाही त्यांची होती. नवा माणूस बसला की मामा मागून जाऊन एकदम ओरडायचे, "उठा!" त्याला उठायला किती वेळ लागतो, त्यावर त्याची जात ठरायची. कमिटीच्या मेंबरांवर हा प्रयोग करून झाल्यावर ते मला हळूच म्हणाले होते, "ह्यांना देवाच्या बी पलीकडं बसवाय पायजे."

आणि एक खोड होती. बाजाराच्या मधोमध बारा हात जागा ते कायम रिकामी ठेवायचे. तिथं कोणी बसला की बांबू आपटायचे. लोक विचारायचे, ही कोणासाठी? मामा म्हणायचे, "हलवायसाठी. कांद्याचा ढीग सरकवायचा तर आधी कुटंतरी वतायला नगं? दौंडला समद्या लायनी भरल्या की इंजिन नुसतं शिट्ट्या मारत हुबं ऱ्हायचं. जागा करायला बी जागा लागती, बाबांनो."

हे कमिटीला काही केल्या पटेना. आमचे अध्यक्ष आप्पा, मोठे बागाईतदार, बोलायला गोड. ते म्हणाले, "आरं, रिकामी जागा म्हंजी नासाडी." आणि ती नासाडी थांबवण्यासाठी त्यांनी तिथं कमिटीचं ऑफिस मांडलं. आधी एक टेबल. टेबल आलं म्हणून खुर्च्या. खुर्च्यांवर ऊन येतं म्हणून मांडव. मेंबरांना भेटायला येणाऱ्यांसाठी बाकडं, मेंबरांच्या सायकली, चहाची शेगडी, आणि शेवटी आप्पांचा छकडा बैलांसकट. बाजाराला जागा नीट वाटून मिळावी म्हणून नेमलेली कमिटी दर शनिवारी बाजाराच्या मधोमध बसून चहा प्यायची, आणि भाजीवाल्या दोन-दोन हातांसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या.

ते संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी फुटलं. त्या दिवशी अर्धा बाजार सुगडवाल्या कुंभारणींचा असतो. त्यांत पाबळची एक म्हातारी होती, सगळे तिला आक्का म्हणायचे. तिनं चौदा हातांत सुगडांची उतरंड रचली होती. वर्षाचा तिचा खरा बाजार तो एवढाच. आणि अकराच्या सुमारास आप्पांचे व्याही राहू गावाहून गुळाच्या दोन गाड्या घेऊन आले. वीस हात पाहिजेत, म्हणाले.

आप्पांनी मला हाक मारली, "रजिस्टर काय म्हणतंय?"

मी बेरीज केली. "एकतीस हात शिल्लक."

"मग दे की ईस!"

"सलग न्हाईत," मामा म्हणाले. "सगळ्यात मोठी जागा आक्काच्या शेजारची, सहा हात. बाकी चिंध्या हायेत. आन् हलवायची पट्टी तर तुमच्याखाली हाय."

आप्पांनी आक्काकडं पाहिलं. तिचे चौदा आणि शेजारचे सहा, बरोबर वीस. "म्हातारीला उठव."

आक्का उतरंडीपुढं येऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. ती मडकी उचलायची म्हणजे निम्मी फुटणार, हे तिला, मामांना आणि मला, तिघांनाही दिसत होतं.

मामांनी कोट सारखा केला. मोठ्यानं म्हणाले, "जागा संपली तर कुनाला तरी उठवावंच लागतंय, ते खरं हाय. पन कायदा आसा, की जो जास्त जागा खातो आन् कमी काम करतो, तो उठनार. चला, मोजू." आणि बांबू घेऊन निघाले. आक्का, चौदा हात, दीडशे गिऱ्हाईक. घिसाडी, सहा हात, दहा विळे. माणसं मागून चालायला लागली. मोजत मोजत मामा कमिटीच्या मांडवाशी आले. एक बांबू, दोन बांबू. पाच बांबू झाले आणि वर बैलाच्या शेपटीचा एक हात. "सव्वीस!" बाजार ओरडला. मामांनी आप्पांना अगदी अदबीनं विचारलं, "आन् काम, आप्पा?"

कोणीतरी मागून म्हणालं, "चहा!" आणि जो काय हशा पिकला!

दोन हमालांनी मांडव सोडला. टेबल गेलं, बाकडं गेलं, शेगडी गेली. आप्पा खुर्चीतून उठेनात. मग हमालांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि मामांनी बांबूनं दाखवलं तिथं, न हलणाऱ्यांच्या टोकाला, शेंदराच्या देवाशेजारी नेऊन ठेवलं. राहूचा गूळ वीस हातांत व्यवस्थित लागला. मी रजिस्टरमध्ये झोकात लिहिलं, 'कमिटी उठवली, हात सव्वीस.' मला तर स्वातंत्र्य मिळाल्यासारखं वाटत होतं.

सोमवारी आप्पांनी मला घरी बोलावलं. रागावले नाहीत, चहा दिला. मुंबईला एका संस्थेत संगणकावर काम शिकणारी मुलं हवी होती, तिथं माझी निवड झाली होती, पण त्यांना चालचलणुकीचा दाखला हवा होता. तो आप्पांच्या टेबलावर, सहीवाचून पडलेला. आप्पा म्हणाले, "हे बघ, खोटं कायबी लिहू नगंस. त्या दिवशी रजिस्टरात किती शिल्लक व्हती, तेवढं लिहून दे. देवाशपथ खरं लिही."

मी लिहिलं, 'सदर दिवशी बाजारात एकतीस हात जागा शिल्लक होती.' सही केली. आप्पांनी दाखल्यावर सही केली. माझ्या वाक्याखाली दुसऱ्या दिवशी ठराव चिकटला, 'जमादाराने जागा नाही असे खोटे सांगून कमिटीची बेअब्रू केली, सबब कमी करण्यात येत आहे.' माझा आकडा खरा होता, म्हणून तर तो ठराव पचला. नुसतं खोटं लिहिलं असतं तर कोणी विश्वास तरी ठेवला नसता.

मामांनी ठराव माझ्यासमोर वाचला. खालपासून वरपर्यंत बोट फिरवत माझ्या सहीशी थांबले. "बेरीज बरुबर हाय," म्हणाले, आणि बांबू माझ्या टेबलाला टेकवून निघून गेले. मला हाक मारून थांबवता आलं असतं. नाही मारली. लाज वाटत होती आणि मुंबईही दिसत होती. खरं म्हणजे मुंबई जास्त दिसत होती.

मुंबईला तिसऱ्या वर्षी एक दिवस आमचं यंत्र अडलं. एका मोठ्या प्रोग्रामनं जागा मागितली, मुकादम म्हणाला नाही. हिशेब काढला तर जागा शिल्लक, मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त. आमचे साहेब कागद आपटून म्हणाले, "हे कर्नल चक्क खोटं बोलतंय!"

"नाही साहेब," मी म्हणालो, "शिल्लक आहे, सलग नाही." आणि तिथंच मला मामा आठवले. यंत्राच्या बाजूनं जे दोन शब्द माझ्या तोंडातून सहज निघाले, ते त्या माणसासाठी निघाले नव्हते. साहेबांनी पाठ थोपटली आणि विचारलं, कुठं शिकलास? मी म्हणालो, "असंच, सुचलं." आपण किती हलकट असू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात रजा टाकून दौंडला गेलो. मामा शिरूर सोडून पुन्हा तिथं, रेल्वे लायनीजवळ एका खोलीत राहत होते. मामींनी दार उघडलं, ओळखलं, आणि नेहमीचा सलाम न करता बाजूला झाल्या. मामा मात्र जुन्या माणसासारखं "या, भाऊसाहेब" म्हणाले. मी त्यांना माझं काम सांगितलं. ते मन लावून ऐकत होते, मध्ये मध्ये "व्हय, व्हय" करत होते. मग त्यांनी विचारलं, "आन् तुमचा त्यो मुकादम? त्यो सोता किती जागा खातो?"

मी म्हणालो, "निम्मी."

मामा खोकला येईपर्यंत हसले. "म्हंजी तितंबी आप्पा हायेतच!"

मला हसू येईना. मामी पाण्याचा तांब्या ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. मामांकडं न बघता म्हणाल्या, "शिरूर सोडलं तवापास्नं चर्चात थाळी धरत न्हाईत. हितल्या पाळकसाहेबांनी चारदा सांगितलं. म्हनत्यात, खोट्याचा ठपका हाय, देवाचं दान माझ्या हातनं नगं."

नोकरी गेली एवढंच मला वाटत होतं. हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं. तुम्ही खरं बोलत होता, आणि मला ते लिहिता लिहिता कळत होतं."

मामांनी फडताळातून एक घडी काढून माझ्यापुढं ठेवली. त्या ठरावाची नक्कल होती, वर माझं वाक्य. "त्याच्याफुडं दोन शब्द ऱ्हायलेत. ल्हिवा."

मी पेन काढलं. 'शिल्लक होती'च्या पुढं लिहिलं, 'परंतु सलग नव्हती. जमादार खरे बोलत होते.' दोनाचे सात झाले. खाली सही केली. मामांनी कागद मामींच्या हातात दिला. "वाच."

मामींनी वाचला आणि परत दिला. "मला काय नवीन हाय त्यात? कागद तुमास्नी पायजे व्हता."

सहीखालची जागा कोरी होती. मी विचारलं, "मामा, तारीख कुठली घालू? त्याच संक्रांतीची घालतो, म्हणजे तेव्हाच लिहिल्यासारखं होईल."

"नगं," मामा म्हणाले. "आजची घाला. उशीर झाला, त्येबी दिसू द्या."